बावीस किलोमीटरची गळती

शांतवन मिस्त्री गाडीवर बसायला तयार नव्हते.

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आबांची काळी मोटारसायकल आमच्या खळ्यात उभी होती आणि मिस्त्री तिच्याशेजारी उकिडवे बसून इंजिनाच्या पोटाखाली हात घालून चाचपत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी हात बाहेर काढला, दोन बोटं नाकाशी नेली, वास घेतला आणि मग ती माझ्यापुढे धरली. बोटं काळी होती.

"निवृत्ती, हे काय आहे?"

"तेल."

"कोणाचं?"

"गाडीचं."

"गाडीचं तेल गाडीत पाहिजे का माझ्या बोटांवर?"

मी म्हणालो, आबांनी मला तुम्हाला न्यायला सांगितलंय, गाडीची तपासणी करायला नाही. त्यावर ते उठले, विजारीला बोटं पुसली आणि शांतपणे म्हणाले, "मग कुठं लपवणार आहात तेवढा पत्ता दे. माझा मी जाऊन लपतो."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. साल एक्क्याण्णव, महिना मार्च, वार सोमवार. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी दोन वाजता, आमच्या खडकसांगवीच्या ग्रामपंचायतीत सरपंचाची निवड होती. तेव्हा सरपंच निवडून आलेल्या सदस्यांमधूनच होत असे. सदस्य सात. माझे चुलते किसनआबा ठुबे आणि त्यांचे दोघे, असे तीन. सोपानराव ठाणगे आणि त्यांचे दोघे, असे दुसरे तीन. सातवे शांतवन गायकवाड, मोटारसायकल मेकॅनिक, अपक्ष.

मिस्त्रींच्या गॅरेजपुढे एक फुटलेली मोरी होती. वर्षातले आठ महिने तिथं पाणी साचायचं. ती बांधून देण्याचं वचन दोन्ही पॅनेलांनी लागोपाठ दोन निवडणुकांत दिलं होतं. तिसऱ्या निवडणुकीत मिस्त्री स्वतःच उभे राहिले, आणि त्या मोरीवरून रोज उडी मारून जाणाऱ्या लोकांनी त्यांना निवडून दिलं. गावाचा सरपंच कोण, हे आता त्या मोरीपलीकडचा माणूस ठरवणार होता.

अशा वेळी आमच्याकडे सहल निघते. काठावरचा सदस्य मतदानापर्यंत विरोधकाच्या नजरेला पडू द्यायचा नाही आणि सभेच्या तोंडावर आणून उभा करायचा, ही रीत. मोठ्या संस्थांचे सदस्य बसनं समुद्रावर जातात, थंड हवेला जातात. ग्रामपंचायतीचा एकच माणूस न्यायचा असेल तर आत्याचा मळा पुरतो.

आबांनी मला तीन कामं नेमून दिली होती. माणूस झाकायचा. त्याला कोणाशी बोलू द्यायचं नाही. मंगळवारी पावणेदोनला त्याला ग्रामपंचायतीच्या पायरीवर उतरवायचं, आधी नाही, नंतर नाही. हे नीट झालं तर आबा सरपंच, आणि आबा सरपंच झाले तर ग्रामपंचायतीतली कारकुनाची रिकामी जागा माझी. मी चोवीस वर्षांचा होतो, बी.कॉम.ला दोनदा बसलो होतो आणि मला त्या जागेखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं. कारकुनाला नोंदी ठेवता आल्या पाहिजेत म्हणून मी आधीपासूनच खिशात वही बाळगायला लागलो होतो. या कथेतल्या वेळा त्या वहीतल्या आहेत.

शेवटी मिस्त्री एका अटीवर तयार झाले. जिथं नेशील तिथं या गाडीची गळती मी काढणार. मी कबूल केलं. दोन दिवस माणूस कशात तरी गुंतलेला बरा, असंच मला वाटलं.

वाटेत त्यांच्या घरी थांबलो. सामान म्हणून त्यांनी हत्यारांची पेटी घेतली, तेलाचा एक लिटरचा डबा घेतला आणि कागदात गुंडाळलेला इस्त्रीचा पांढरा शर्ट घेतला. सतरा नंबरचा पाना मात्र पेटीत नव्हता. तो कायम त्यांच्या विजारीच्या मागच्या खिशात असायचा, तसा त्या दिवशीही होता. त्यांच्या पत्नी रूथबाई दारात उभ्या होत्या. नवऱ्याला पळवून नेत आहेत असं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"किती दिवसांचं काम आहे?" त्यांनी विचारलं.

"दोन," मिस्त्री म्हणाले.

मळा बावीस किलोमीटरवर होता. डांबरी सोडून आतल्या रस्त्यानं गेलो. वाटेत तीनदा थांबलो, एकदा मेंढरांसाठी आणि दोनदा मिस्त्रींसाठी. प्रत्येक थांब्यावर गाडीखाली पापडाएवढा डाग पडला. तिसऱ्या थांब्यावर मी मागं थोडं चालत जाऊन पाहिलं. फुफाट्यात काळे थेंब पडलेले होते, एकामागं एक, ओळीनं. मी पावलं मोजली आणि वहीत लिहिलं, 'गळती: दर दहा-अकरा पावलांना एक थेंब.'

तो माग आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी ती देखभालीची नोंद म्हणून केली होती.

सात वाजून पाच मिनिटांनी पोचलो. शेवंताआत्या ही आबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर तिनं अकरा एकर जमीन एकटीनं सांभाळली होती आणि त्या अकरा एकरांत तिच्या परवानगीशिवाय पाखरू उतरत नसे. तिनं मिस्त्रींना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हेच का सरपंच ठरवणारे? मला वाटलं पंक्चर काढायला आणलंस."

"तेही काढतो," मिस्त्री म्हणाले. त्यांनी पुन्हा एकदा इंजिनाखाली हात घातला, क्षणभर चाचपलं आणि गाडी लिंबाखाली सावलीत घेतली.

गळती शोधायची त्यांची पद्धत मी प्रथमच पाहत होतो. आधी सगळं इंजिन रॉकेलनं धुऊन कोरडं केलं. मग आत्याकडं पावडर मागितली. आत्यानं नातीचा डबा आणून दिला, आणि मिस्त्रींनी तो इंजिनावर असा काही रिकामा केला की काळी गाडी मधोमध पांढरी फटक झाली. नवरदेव घोड्यावर बसतो, आमच्याकडं घोडाच नवरदेव झाला, असं आत्या म्हणाली. गाडी पाच मिनिटं चालू ठेवली. पावडरीत क्लचच्या झाकणाच्या खालच्या कडेनं एक काळी रेघ हळूहळू उमटली.

"पॅकिंग गेलंय," मिस्त्री म्हणाले. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये जाड कागदाचं एक कडं असतं, त्याला पॅकिंग म्हणतात. ते सडलं की तेल वाट काढतं.

झाकण उघडायचं म्हणजे आतलं तेल धरायला भांडं हवं. आत्याची परात घेतली. आत्यानं विचारलं, या परातीत मी उद्या पीठ कशानं मळायचं. मिस्त्री म्हणाले, उद्या भाकरी मऊ होतील. ती हसली नाही, पण परात परतही मागितली नाही.

नवीन पॅकिंग कापायला पुठ्ठा हवा होता. अख्ख्या घरात पुठ्ठा एकच निघाला, भिंतीवरचा. आबांनी निवडणुकीत घरोघर वाटलेलं पुठ्ठ्याचं कॅलेंडर. वर फेटा बांधलेले, हात जोडलेले आबा, खाली बारा महिने.

"भावाला कापायचं?" आत्या म्हणाली. "निदान तोंड तरी वाचवा."

"तोंड मधोमध येतंय आत्याबाई. पॅकिंगला मधलं लागत नाही, कडाच लागतात. तोंड सबंध निघेल."

त्यांनी पुठ्ठा झाकणाच्या कडेवर ठेवला आणि हातोडीनं हलकं ठोकत कडेची खूण उठवली, मग कात्रीनं कापत गेले. पॅकिंगमध्ये फेट्याचा तुरा, एक कोपर आणि ऑगस्ट ते डिसेंबर एवढं आलं. मधून आबांचा गोल चेहरा सुटा निघाला. तो आत्यानं भिंतीतल्या दिवळीत नेऊन टेकवून ठेवला.

संध्याकाळी पाच वाजता झाकण बसलं. मिस्त्री म्हणाले, ट्रायल मारून येतो. मला आबांचं दुसरं कलम आठवलं, म्हणून मी मागं बसलो. कालव्यापर्यंत जाऊन आलो, एकूण चार किलोमीटर. मिस्त्रींनी कडेवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

"आबांचा पुठ्ठा तेल पितो," ते म्हणाले.

मी म्हणालो, थोडंसं आहे, चालेल. त्यांनी ते ओलं बोट माझ्यापुढे धरलं. रात्री जेवायला बसल्यावर त्यांनी ताटापुढे हात जोडून डोळे मिटले. प्रार्थना जरा लांबली तशी आत्या मला हळूच म्हणाली, "भाजीचं काय चुकलं का रे?"

मंगळवारी मी उठलो तेव्हा पावणेसात झाले होते. लिंबाखाली झाकण पुन्हा उघडं होतं, परातीत तेल होतं आणि सगळे बोल्ट गोणपाटावर ओळीनं मांडले होते. सभा आज. गाडी एकच. आणि ती गाडी गोणपाटावर होती. मी मिस्त्रींना म्हणालो की पावणेदोनला तुम्ही गावात नसलात तर आबा मला या परातीत तळतील.

"सात तास आहेत," ते म्हणाले. "पुठ्ठा शोध."

मी शेजारच्या दोन वस्त्या पालथ्या घातल्या. बुटांचं खोकं नाही, साडीचं खोकं नाही. आठ वाजता रिकाम्या हातानं परतलो. आठ वाजून वीस मिनिटांनी बांधावरून एक जीप आली. इतकी हळू की आधी मला वाटलं ढकलून आणताहेत. ड्रायव्हरच्या बाजूनं एक माणूस कमरेपर्यंत बाहेर लोंबकळून एका हातानं स्टिअरिंग धरून जमीन बघत होता. लिंबापाशी जीप थांबली आणि त्यानं मान वर केली. तो एकनाथ ठाणगे होता, सोपानरावांचा पुतण्या. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो.

"बावीस किलोमीटर," तो मान चोळत म्हणाला. "एवढी जमीन मी नांगरताना पण बघितली नाय."

सोमवारचा सगळा दिवस त्यानं शहरातले लॉज शोधण्यात घालवला होता. सकाळी हताश होऊन रूथबाईंकडं गेला, तर त्या म्हणाल्या, मला काय माहीत कुठं नेलंय. आबांची गाडी तेल टाकते एवढं माहीत आहे. एकनाथ आमच्या खळ्याच्या फाटकाशी गेला आणि त्याला पहिला डाग दिसला.

त्यानं वेळ घालवला नाही. म्हणाला, मिस्त्री, चला, काकांनी बोलावलंय.

"इंजिन उघडं आहे."

"असू द्या."

"एकनाथ, माझा बाप वारला त्या दिवशी पण मी झाकण बसवूनच घरी गेलो होतो. सोपानराव काय त्याच्याहून मोठे आहेत?"

एकनाथनं इकडंतिकडं पाहिलं. धाकदपटशा करावा तर विळा हातात घेतलेली आत्या दोन पावलांवर शेपू निवडत होती. ती म्हणाली, "आलायस तर चहा घे. पण माझ्या मळ्यातून पाहुणा न जेवता कोणी उचलून नेत नाही. माझा भाऊ पण नाही."

मग आम्ही तिघं इंजिनाभोवती बसलो. एकनाथ माझ्यावर लक्ष ठेवून होता, मी एकनाथवर. मिस्त्री इंजिनावर. त्यांनी सहज विचारलं, जीपमध्ये एखादा पुठ्ठा आहे का. एकनाथ उठला आणि जीपच्या मागच्या बाकाखालून एक गठ्ठा घेऊन आला. सोपानरावांची कॅलेंडरं. वाटून उरलेली.

मिस्त्रींनी एक वाकवून पाहिलं. "जाड आहे."

"जाड म्हणजे, आबांच्या दुप्पट," एकनाथ म्हणाला. "काकांनी मुद्दाम सांगून करून घेतलीत."

"जाड म्हणजे टिकाऊ नव्हे," मी म्हणालो. आज हे वाक्य वहीत वाचताना मला समजत नाही की मी कशाची बाजू घेत होतो.

"नुसता जाड असला तर कडेला दबत नाही," मिस्त्री म्हणाले. "नुसता पातळ असला तर तेल पितो. दोन्ही लावू, एकावर एक."

त्यांनी सोपानरावांना कापलं. चेहरा सुटा निघाला तो आत्यानं दिवळीत आबांच्या शेजारी ठेवला. म्हणाली, "वीस वर्षांनी शेजारी बसलेत. भांडले तर काढून ठेवीन."

कामाची वाटणी मिस्त्रींनीच केली. मी बोल्ट रॉकेलमध्ये धुवायचे आणि फडक्यानं कोरडे करून नंबरावारी मांडायचे. एकनाथनं जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे ब्लेडनं खरवडायचे, पण ओरखडा उठता कामा नये. त्याच्या हातून एक उठला, तेव्हा मिस्त्री म्हणाले, तुझ्या काकांनी तुला सदस्य उचलायला पाठवलं ते बरं केलं, झाकण उघडायला नाही पाठवलं. एकनाथ ओशाळला आणि त्यानंतर जीव ओतून खरवडायला लागला. दोन्ही पुठ्ठ्यांना ओल्या साबणाचा हात दिला. झाकण बसलं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, असे फिरवून आवळायचे असतात, एकदम एक आवळला तर झाकण तिरकं बसतं. हे मी त्या दिवशी शिकलो. अर्धे बोल्ट मी आवळले, अर्धे एकनाथनं, कारण दुसऱ्यानं आवळलेला ढिला असेल असा दोघांनाही संशय होता.

या काळात मिस्त्रींनी तीनदा वेळ विचारली. सव्वानऊला, दहाला आणि दहा पस्तीसला. तिन्ही नोंदी वहीत आहेत.

डब्यातलं नवं तेल भरलं. मिस्त्रींनी रॉकेल आणि मातीनं कोपरापर्यंत हात धुतले, विहिरीवर जाऊन तोंड धुतलं आणि पांढरा शर्ट घालून आले. गाडीला किक मारली. पहिल्याच दणक्यात सुरू झाली.

"ट्रायल मारून येतो," ते म्हणाले.

मेकॅनिक गाडी दुरुस्त केली की ट्रायल मारतो. त्यात विचारण्यासारखं काही नसतं. तरी मी म्हणालो, मी मागं बसतो. एकनाथ म्हणाला, तू बसणार तर मी पण बसणार. मिस्त्री म्हणाले, तिघांचं ओझं घेऊन पॅकिंगची परीक्षा होत नाही, एकानं या. कोण, यावर आम्ही दोघं पाचेक मिनिटं बोललो. एकनाथला वाटत होतं की मी बसलो तर परत येणार नाही. मला वाटत होतं की तो बसला तर परत येणार नाही. शेवटी दोघांनीही बसायचं नाही असं ठरलं आणि दोघांनाही तो आपला विजय वाटला. शिवाय हत्यारांची पेटी गोणपाटावर उघडी होती. पेटी टाकून मिस्त्री जाणार कुठं.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी मिस्त्री गेले.

आम्ही लिंबाखाली बसलो. एकनाथ म्हणाला, तुझे बोल्ट नीट बसलेत ना. मी म्हणालो, तुझी बाजू गळली नाही म्हणजे मिळवली. अकरा वाजले. कालव्याला जाऊन यायला दहा मिनिटं लागतात. अकरा दहा. एकनाथनं शेवटचा चहा संपवला. सव्वाअकराला आत्या शेपूची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "ट्रायल मारायला इस्त्रीचा शर्ट कशाला लागतो रे?"

आम्ही एकमेकांकडं पाहिलं.

"दुसरी जीप कुठं लावलीयेस?" मी विचारलं.

"कसली जीप? तुझी दुसरी आत्या कुठं राहते ते सांग."

जीपमध्ये दोघंही चढलो, कारण एकाला दुसऱ्याला सोडायचं नव्हतं. तिकटीवर आलो. तिथून एक रस्ता गावाकडं जातो, दुसरा शहराकडं. एकनाथनं उडी मारली आणि सवयीनं मान खाली घालून शोधायला लागला. दोन्ही फाट्यांवर पन्नास पन्नास पावलं गेला. मग गुडघ्यावर बसला आणि फुफाटा जवळून पाहिला. सोमवारचे जुने थेंब गावाकडून मळ्याकडं येताना दिसत होते. आजचा एकही नव्हता.

"एक थेंब नाय," तो म्हणाला. आणि मग, ऊर भरून, "तरी मी म्हणत होतो, आमचा पुठ्ठा जाड आहे."

त्याचं म्हणणं, माणूस पळाला तर गावाकडं कशाला येईल. हे मलाही पटलं. म्हणून आम्ही शहराच्या रस्त्याला आठ किलोमीटर गेलो, दोन धाबे आणि एक रेल्वेचं फाटक तपासलं आणि परत फिरलो. बारा वाजून पन्नास मिनिटांनी गावात पोचलो.

ग्रामपंचायतीच्या पायरीशी आबांची मोटारसायकल उभी होती. मी आधी तिच्याखाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी होती.

पायरीवर पांढऱ्या शर्टातले मिस्त्री बसून शेंगदाणे खात होते. सरपंचपदाचे अर्ज दहा ते बारा या वेळात घ्यायचे होते. सोपानरावांचा अर्ज साडेदहाला आला होता. आबांचा अकराला. तिसरा अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी. अर्जदार, शांतवन गायकवाड.

पुढचं सगळं तासाभरात झालं. आबांनी हिशेब केला. मिस्त्रीचं मत मिस्त्रीला. आपली तीन, सोपानची तीन. मग चिठ्ठी. चिठ्ठीत सोपान निघाला तर पाच वर्षं त्याचं तोंड बघायचं. त्यापेक्षा आपली तीन मिस्त्रीला दिली तर सोपान पडतो आणि पाडल्याचं श्रेय आपलं. पावणेदोनला, म्हणजे ज्या वेळेला मी मिस्त्रींना आणून हजर करायचं होतं त्याच वेळेला, आबांनी अर्ज मागं घेतला. ही बातमी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. हरण्यापेक्षा मोठेपणा बरा म्हणून एक पन्नासला सोपानरावांनीही मागं घेतला. दोन वाजून पाच मिनिटांनी शांतवन मिस्त्री बिनविरोध सरपंच झाले. आबांनी हार घालताना सांगितलं की ही कल्पना त्यांची होती. सोपानरावांनीही हार घालताना तेच सांगितलं.

आबा मला रागावले नाहीत. घरी आल्यावर पाणी प्यायले आणि म्हणाले, "निवृत्ती, तुला एक माणूस झाकायला दिला होता. तू तो दुरुस्त करून पाठवलास."

कारकुनाची जागा परीक्षा घेऊन भरली गेली. माझा नंबर चौदावा आला. उमेदवार चौदा होते. निकालाच्या दिवशी मी मिस्त्रींची हत्यारांची पेटी परत द्यायला गॅरेजात गेलो. ती तोपर्यंत आत्याच्या ओट्यावरच होती. मिस्त्री म्हणाले, मला आता निम्मा दिवस तिकडं बसावं लागतं, इथं कोणीतरी पाहिजे. कारकून कसा झाला असतास माहीत नाही, बोल्ट चांगले धुतोस. मी दुसऱ्या दिवसापासून जायला लागलो. मोरी चार महिन्यांत झाली. त्यानंतर आजपर्यंत मी त्याच गॅरेजात आहे. पाटीवर आता दोघांची नावं आहेत.

एक गोष्ट मात्र मला बरीच उशिरा कळली. कामावर लागून वर्ष झालं असेल. एक शिक्षक जुनी गाडी घेऊन आले, झाकणाचं पॅकिंग गेलेलं. मी पावडर टाकली, गाडी चालू केली आणि बघत बसलो. तेल कडेनं पाझरलं, ओघळलं, इंजिनाच्या अंगाला लागून मागं पसरलं. दहा मिनिटांत खाली एक थेंब पडला, तोही पडू का नको असा. पॅकिंगची गळती अशीच असते. ती अंग ओलं करते. दर दहा-अकरा पावलांना एक असे मोजून थेंब टाकत नाही. तसे थेंब फक्त एका जागेहून पडतात. इंजिनाच्या तळाला जुनं तेल काढून टाकायचा एक बोल्ट असतो, तो थोडा सैल असेल तर. त्याला सतरा नंबरचा पाना लागतो.

मी जुनी वही काढली. वेळ होती, किलोमीटर होते, पावलं होती. खळ्यात सहा वाजून दहा मिनिटांनी मिस्त्रींचा उजवा हात इंजिनाखाली किती वेळ होता आणि त्यात काय होतं, एवढंच नव्हतं.

मिस्त्री तेव्हा एका स्कूटरच्या खाली आडवे झाले होते. पायच बाहेर होते. मी त्या पायांना विचारलं, गावात राहूनच अर्ज भरायचा होता, कशाला एवढं.

"गावात असतो तर दोन्ही घरं माझ्या दारात बसली असती," खालून आवाज आला. "पळवून नेलेल्या माणसाच्या दारात कोणी बसत नाही."

"मग एकनाथला माग कशाला दिला?"

"तू एकटा असतास तर मागं बसला असतास. सोमवारी बसलासच. एकनाथ एकटा असता तर तोही बसला असता. दोघं असलात की तुम्ही एकमेकांकडं बघता."

मग एवढंच विचारायचं उरलं होतं.

"किती सैल केला होता?"

"पाऊण आटा. एक केला असता तर तेल वाटेतच संपलं असतं. अर्धा केला असता तर एकनाथला दिसलं नसतं."

स्कूटरखालून एक काळा हात बाहेर आला, तळवा वर.

"सतरा नंबर दे," ते म्हणाले. मी दिला.